कागदावरचा चुलतभाऊ

१२ नोव्हेंबर १९५९
अण्णा आगबोटीने आला. आईला लुगडं, मला पेन. पेन हातात पडलं तेव्हाच ओळखलं, माझ्या या थोरल्या भावाचं काहीतरी काम अडलंय. जेवताना बोललाच. मुंबईत खोली मिळतेय, पागडी द्यायची आहे, माडाची बाग विकायची. बाबा गेल्यापासून त्या माडांना शिंपणं मी करते, नारळ काढायला पाडेल्याला हाका मी मारते, शाळा सांभाळून. पण विकायचं ठरवलं त्याने, आगबोटीत बसून.
आई म्हणाली, "घर आणि बाव रवली म्हणजे झालां. आमी दोगां बायलमाणसां, माडांक काय मिठी मारतलंव?"
घर आणि विहीर राहतेय ना, मग जाऊ दे बाग.

१५ नोव्हेंबर
गिऱ्हाईक घरी आलं. बाबल मालंडकर, बाजारात सुंभाची वखार आहे तो. (यापुढे बा. मा. पूर्ण नाव लिहिण्याइतकी शाई मला जड झालेली नाही.) भाव ठरला, बरा ठरला. मग सुपारी कातरता कातरता म्हणतो, "विक्रीखत केलां तर किमतीच्या हिशोबान स्टँप. तो कोणाक? सरकाराक. सरकारान माडांक पाणी घातलां काय?"
मी म्हटलं, "तुमी तरी खंय घातलांत?"
हसला. "मास्तरीणबायनू, तुमी शाळेत शिकवतास तां बरोबर. ह्यो बाजार." स्टँप भरायचा तर तो किमतीतून वजा करणार म्हणे. अण्णाचा चेहरा लगेच उतरला. "काहीतरी मार्ग असेलच," म्हणाला.
मार्ग! ओहोळावरचा लाकडी साकव वाहून गेला त्याला तीन पावसाळे झाले. माझ्या शाळेतल्या पोरी कमरेएवढ्या पाण्यातून परकर डोक्यावर धरून येतात. आणि हाच बा. मा. पंचायतीच्या सभेत उभा राहून विचारतो, सरकार पैसे घालता खंय? अरे मेल्या, तू देतोस का आधी?

१७ नोव्हेंबर
मालवणला कचेरीत. ओटीवर पेटी मांडून दस्त लिहिणारे तात्या बसतात, त्यांच्यापुढे आम्ही तिघं. तात्यांनी पानाला चुना लावता लावता सगळे मार्ग सांगितले. किंमत निम्मी दाखवा, पण नवा साहेब खोदून विचारतो. नाहीतर लांब मुदतीचा भाडेपट्टा करा. नाहीतर गहाण टाका आणि कधी सोडवूच नका. "पण सगळ्यात स्वस्त ते हक्कसोडपत्र. भाऊबंदाने भाऊबंदाला हक्क सोडला, की स्टँप किरकोळ."
म्हटलं, हे आमचे भाऊबंद नव्हेत.
तात्या चष्म्यावरून बघत राहिले. "बाई, या ओटीवर बसून मी निम्मा तालुका एकमेकांचा चुलतभाऊ करून सोडलाय. कुणाला ताप आला नाही त्याने."
आणि आडनाव? आम्ही धुरी, हा मालंडकर. त्यालाही तोड तयार. "मूळ धुरीच. बंदरावर व्यापाराला गेले, लोक मालंडकर म्हणू लागले." बा. मा.ला हे इतकं आवडलं की पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.
तळपायाची आग मस्तकात गेली. आणि येताना अण्णाने भजी घेतली ती खाल्लीसुद्धा.

१९ नोव्हेंबर
आमच्या पणजोबांचं आज दुसरं लग्न लागलं. बायको तात्यांनी दिली. तिला मुलगा झाला, त्याचं नाव विठू. विठूचा नातू बा. मा. पणजोबांनी एका बायकोला भिऊन जन्म काढला असं आई सांगते. बिचारे.
हे लिहिलं कुणी? मी. तात्यांचा हात कापतो, वंशावळीचे दोन कागद फुकट गेले. अण्णा म्हणाला, "इंदू लिहील, तिचं अक्षर मोत्यासारखं आहे." आणि मी बसले लिहायला, त्याच्याच पेनने. एक रेघ वाकडी नाही. शाळेत आदर्श म्हणून भिंतीवर लावावी अशी वंशावळ.
शेवटी तात्यांनी एक ओळ सांगितली: 'उर्वरित मिळकत, म्हणजे राहते घर, परडे व विहीर, हीही सामाईक असून तिची वाटणी पुढे सोयीने करावयाची आहे.' माझा हात थांबला. घर, परसदार, विहीर यांचा इथे काय संबंध? तात्या म्हणाले, "वाटणी झालेली असली तर सोडायला हक्क उरेल कुठून? असंच लिहायचं असतं. आजवर कुणी विचारलेलं नाही."
अण्णा घड्याळ बघत होता. "लिव गो, उद्याची बोट चुकतली माझी."
लिहिली.

२० नोव्हेंबर
दस्त नोंदला. साहेबापुढे सगळे एकदम पुस्तकी बोलायला लागले. बा. मा.सुद्धा "होय साहेब, आम्ही एकाच घराण्यातले" असं म्हणाला, जसं काही तोंडपाठ केलेलं. साहेबाने मला विचारलं, "हे आपले कोण?"
"चुलतभाऊ."
तोंडातून निघालं कसं! आईने अंगठा उठवला. बाहेर आल्यावर म्हणते, "माका काय समाजलां नाय. पण तेचो बापूस बरो माणूस होतो."
अण्णा तसाच बंदरावर गेला.

२४ नोव्हेंबर
तिसरीतल्या एका पोरीने पाटी फोडली आणि मी नाही म्हणाली. मारायला पट्टी घेतली आणि परत टेबलावर ठेवली. पोरगी चकित. मी जास्त.

१४ सप्टेंबर १९६०
आज आमच्याकडे म्हाळ, पितृपक्षातलं श्राद्ध. सकाळी पानं मांडताना आई म्हणाली, "इंदू, विठूचा पान वाढूक होयां."
"खंयचो विठू?"
"आमचो. कागदावरचो."
आधी वाटलं थट्टा करतेय. नाही. म्हणाली, "सरकाराच्या कागदार नाव घातलां, सायबासमोर घेतलां. मेल्या माणसाचां नाव घेवन तेका उपाशी ठेवचां? माका धीर नाय, गो."
"आये, तो जन्माकच इलो नाय!"
"मगे तर बिचाऱ्याक कोणीच नाय."
पान वाढलं. एवढ्यावर थांबती तर ठीक. विठू ज्याचा आजा त्यालाही बोलावून आली होती, कालच. बा. मा. अंघोळ करून, सोवळं नेसून हजर. अण्णाला रजा नाही. भटजींनी विचारलं, तर्पण कोण करणार? आईने त्याच्याकडे बोट केलं. तो पाटावर बसला आणि आमच्या बाबांना, आजोबांना आणि त्या न जन्मलेल्या विठूला पाणी दिलं. शेजारची चार माणसं पंगतीला होती, सगळ्यांनी बघितलं.
मी चुलीशी पाठ करून वडे तळत होते. रागाने दोन जळले. वाढायला गेले तर म्हणतो, "बाय, तू पण बस आता." आजपर्यंत 'तुमी' होते. आज 'तू' झाले.

११ जुलै १९६१
आई गेली. सकाळी दहाच्या सुमाराला. तांदूळ निवडत होती.

१३ जुलै
लिहायला बसते, होत नाही. तरी लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझंच मला खरं वाटणार नाही.
अण्णाला तार केली. पण आगबोट बंद, घाटात दरड, एस.टी. बंद. येणार कसा? वाडीतले बाप्ये पडवीत उभे. पाऊस थांबत नव्हता. आमचं खरं भाऊबंदांचं घर एकच, ते बडोद्याला, पत्ताही माहीत नाही. अग्नी कोण देणार, यावर कुजबुज सुरू झाली. गावच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाबलो आसा मा? तो तुमचोच ना?" मला ते ऐकू आलं आणि मी काही बोलले नाही.
तेवढ्यात तो स्वतःच आला, गुडघ्यापर्यंत चिखल, साकव नाही म्हणून ओहोळातून उतरून. म्हणाला, "बाय, मी आसंय."
मी "बरां" म्हटलं. आणि त्या क्षणी तो मला खरंच माझा वाटला. देवाशपथ वाटला.
त्याने खांदा दिला, अग्नी दिला. ओली लाकडं पेटेनात, तर वखारीतून सुंभ आणि तेल आणवलं. डोकं भादरलं. वखार दहा दिवस बंद ठेवतोय. सुतक पाळतोय.

२० जुलै
अण्णा पोचला, कोल्हापुरावरून, दहाव्या दिवशी. बा. मा.चं भादरलेलं डोकं बघून त्याच्या गळ्यात पडला. "बरां केलंस रे भावा," म्हणाला. दोघे रडले. मीही रडले. आज राग कुणाचाच नाही.

८ जानेवारी १९६२
नोटीस.
बा. मा.च्या वकिलाची. चार वेळा वाचली. 'आमचे अशील व आपण एकाच मूळ पुरुषाचे वंशज असून, नोंदलेल्या दस्तात आपण राहते घर, परडे व विहीर ही सामाईक व अविभक्त असल्याचे स्वहस्ते मान्य केले आहे. आमचे अशिलांनी आपल्या घरी पितरांस तर्पण केले, आपल्या मातोश्रींस अग्नी दिला व सुतक पाळले. सबब निम्म्या हिश्श्याची वाटणी करून द्यावी.'
स्वहस्ते! माझ्याच अक्षरात माझं घर गेलं की काय? मग राग आला. एवढा राग बाबा गेले तेव्हा देवाचाही आला नव्हता.

९ जानेवारी
वखारीत गेले. शाळेला दांडी, जन्मात पहिली. सगळ्या हमालांसमोर विचारलं, "ह्यां काय हा?"
त्याने मला आत बसवलं, चहा सांगितला. मी घेतला नाही. म्हणाला, "बाय, माज्या मनात नव्हतां. जावय वकिलाकडे कारकून आसा, तेनी कागद वाचलो. कागदार आसा तां माझां नाय म्हणान मी कित्याक सांगू?"
"तो कागद खोटो आसा. तुमका ठावक आसा!"
"मगे तू कित्याक लिवलंस?"
तोंडात मारल्यासारखं झालं. वर म्हणतो, "आणि तुका कोण भायर घालता? रव मा. माज्या वाट्यात रव सुखान."
माझ्या वाट्यात रव! माझ्या बाबांनी चिरा चिरा बसवलेलं घर, आणि मी त्याच्या वाट्यात राहू? हातातली छत्री सुंभाच्या ढिगावर फेकली आणि निघाले. मग ऊन लागलं. परत जाऊन छत्री घेतली. त्यानेच उचलून दिली.

३ मे १९६२
अण्णा आला आहे. दावा दाखल झाला. आम्ही मालवणातले एक वकील दिले. त्यांचं म्हणणं सरळ: एकच मार्ग, दस्त खोटा होता, स्टँप चुकवायला केला, हे सह्या करणाऱ्यांनी कोर्टात कबूल करायचं. आई गेली, राहिले दोघे. कबूल केलं तर? सरकार चुकवलेला स्टँप आणि वर दंड घेईल. खोटी हकीकत लिहिली म्हणून खटलाही होऊ शकतो. आणि सरकारी नोकर असाल तर वरिष्ठ काय करतील ते सांगता येत नाही.
अण्णा बंदरखात्यात कारकून. मी बोर्डाच्या शाळेत.
घरी येताना एस.टी.तून उतरल्यावर अण्णा म्हणाला, "तू सांग, माका वाचून दाखवक नाय, भावान सांगलां तशी सही केलंय. बायलमाणूस म्हणान कोर्ट सोडतां."
"सतरा वर्सां मी पोरींक वाचूक शिकवतंय, अण्णा!"
"माजी नोकरी गेली तर मुलांनी काय खावचां?"
आणि माझी गेली तर? मला मुलं नाहीत, म्हणून मी वारा खाऊन राहू? हे विचारलं. खोली कुणाची, पागडी कुणाची, बाग विकली कुणासाठी! आणि अडाणी व्हायचं मी.

५ मे
अण्णा गेला. जाताना माझ्या पाया पडायला वाकला. थोरला भाऊ! मी मागे सरले. अजून रागात आहे, पण तो वाकलेला डोळ्यांपुढून जात नाही.

१६ ऑक्टोबर १९६२
तारखा पडतायत. बा. मा.ने विहिरीवर दुसरा रहाट बसवला. विचारलं, तर म्हणे निम्म्या विहिरीवर. विहीर निम्मी कुठून होते, पाण्यात रेघ मारतोस का? शेजारणी बघत होत्या, पदराआड हसत होत्या. त्यांच्यापैकी तिघींच्या घरची जमीन असल्याच हक्कसोडीने आलेली आहे. म्हणून कुणी काही बोलत नाही. बा. मा. खोटा ठरला तर उद्या त्यांचे चुलते, पुतणे सगळेच कोर्टात जायचे.

२ फेब्रुवारी १९६३
मोठ्या बाईंनी शाळा सुटल्यावर थांबवलं. "कोर्टात काय सांगायचं ते जपून सांगा. खोटा दस्त स्वतः लिहिला असं सांगणाऱ्या बाईच्या हाती पोरी द्यायच्या का, असं लोक विचारणार." त्या वाईट हेतूने बोलल्या नाहीत. पण मी विचारलं, "आणि लिहून गप्प बसणारीच्या हाती दिलेल्या चालतात?" त्यांनी वही मिटली.
सांगणार आहे. सगळं सांगणार आहे. कुणी लिहिलं, का लिहिलं, तात्या, अण्णा, मी, पणजोबांची दुसरी बायको, सगळं. घर राहो नाहीतर जावो, नोकरीचं काय व्हायचं ते होवो. ह्या ओळी लिहून बरं वाटलं. आज जेवण गेलं.

१७ जून १९६३
कोर्टात साक्ष होती. जाण्याआधी सगळं मनात लावून ठेवलं होतं, शाळेत पाठ घेण्यापूर्वी लावते तसं.
बोलावलं मात्र बा. मा.च्याच वकिलाने. आमचे वकील म्हणाले, असं करतात, घाबरू नका, विचारतील तेवढं सांगा. शपथ घेतली.
हा दस्त ओळखता? हो. ही सही तुमची? हो. वंशावळीचं अक्षर? माझं. तुमच्या घरी म्हाळाला वादींनी तर्पण केलं? हो. तुमच्या आईसमक्ष? आईनेच बसवलं. आईच्या चितेला अग्नी कुणी दिला?
"ह्यांनी."
"परक्या माणसाला आईला अग्नी द्यायला सांगाल का तुम्ही?"
काय सांगणार होते मी? नाही म्हणावं तर तो भाऊ ठरतो. हो म्हणावं तर आई परक्याच्या हातून गेली. मी म्हटलं, "साहेब, तो कागद आम्ही स्टँप..." न्यायाधीशांनी हात वर केला. "विचारलं तेवढंच. तुमची पाळी आली की सगळं सांगा." मग दुसऱ्या दाव्याची हाक झाली. पुढची तारीख गणपतीनंतर. कागदावर माझे तीन 'हो', एक 'माझं', एक 'आईनेच' आणि एक 'ह्यांनी' एवढंच उतरलं, बाकी सगळं परत घरी घेऊन आले.
शपथेवर एक अक्षर खोटं बोलले नाही, आणि घर आणखी थोडं त्याच्याकडे सरकलं. संताप कुणावर करू? वकिलावर? तात्यांवर? तात्या ओटीवर होतेच, कुणाचा तरी काका करत होते.
एस.टी.पाशी पाऊस. बा. मा. धोतर वर धरून जवळ आला. जावई लांब उभा. म्हणाला, "बाय, गुरवारी तिथीन आवशीचां श्राद्ध. अण्णा येता काय?"
नाही येत. पत्र आलंय, रजा नाही म्हणून. मी नुसती मान हलवली.
"मगे पाणी कोण सोडतलो? मी येव?"
डावपेच असता तर बरं झालं असतं, तोंडावर दोन शब्द फेकले असते. पण तो खरोखर विचारत होता. त्याला आईची काळजी होती. एवढ्या सगळ्यात ह्याचाच सगळ्यात राग आला.
आला तर त्याच्या वकिलाला गणपतीनंतर आणखी एक 'हो' मिळेल. नाही आला तर आई उपाशी.
गाडी आली, चढले. तो तिथेच भिजत उभा होता. आज सोमवार. भटजींना काय तो निरोप उद्या सकाळी द्यायचा आहे.